तापली की तापविली?

वाचकहो, भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. लोक काय बोलतात याबरोबरच ते कोणते क्रियापद वापरतात याकडेही त्याचे लक्ष जाते. ही खोड दुःखाच्या प्रसंगीदेखील सुटत नाही, हे मला २०२४ च्या मे महिन्यात एका दफनविधीच्या वेळी कळले.

मराठवाड्यातील एका लहानशा मंडळीचा तो सभासद होता. वय चाळिशीच्या आसपास; रस्त्यावर डांबर अंथरण्याच्या कामावर मजूर. भर दुपारी कामावरच तो कोसळला आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच त्याचा प्राण गेला. कबरस्थानात जमलेले लोक हलक्या आवाजात बोलत होते. "ऊन लागून गेला," एकजण म्हणाला. "यंदा ऊनच फार तापलंय," दुसऱ्याने दुजोरा दिला. "दिवस भरले होते," तिसरा म्हणाला. ऊन लागले, ऊन तापले, दिवस भरले. कोणी काही केले नव्हते. सारे आपोआप घडले होते.

परतताना मंडळीतील एक वडील माझ्याबरोबर चालत होते. शहरात शिकणाऱ्या त्यांच्या नातवाने त्यांना सांगितले होते, की ही वाढती उष्णता माणसाच्या करणीची आहे. त्यांना ते मुळीच पटले नव्हते. "सर, माणसाची काय टाप की तो देवाचं हवामान बदलील?" ते म्हणाले. "नोहाला देवानं शब्द दिलाय, ऋतू चालायचेच. तुम्हीच तर आम्हांला सांगितलं होतं."

मी निरुत्तर झालो, कारण ते खरे बोलत होते. २००९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञांचा ईमेलद्वारे झालेला पत्रव्यवहार कोणीतरी चोरून प्रसिद्ध केला, आणि शास्त्रज्ञांनी आकडे फिरविले असा जगभर गवगवा झाला. त्यानंतरच्या एका रविवारी त्याच मंडळीत मी उत्पत्तीच्या आठव्या अध्यायावर प्रवचन दिले. मनुष्य हवामान बदलू शकतो असे मानणे हा मनुष्याचा गर्व आहे, असे मी मोठ्या आवेशाने सांगितले. पुढच्या वर्षी निरनिराळ्या चौकशी समित्यांनी त्या पत्रव्यवहाराची छाननी केली. काही बाबतींत मोकळेपणा कमी पडल्याचा ठपका त्यांनी ठेवला. परंतु आकड्यांत लबाडी झाल्याचे त्यांना आढळले नाही. ती बातमी मी वाचली नाही असे नव्हे. वाचली, पण तिच्यावर प्रवचन दिले नाही.

म्हणून हा लेख. तो शास्त्रज्ञाचा नाही. माझा विषय हिब्रू आणि ग्रीक क्रियापदांचा. परंतु पृथ्वीच्या तापमानवाढीचा जो वाद गेली अनेक वर्षे चालू आहे, तो माझ्या मते शेवटी एका क्रियापदाशी येऊन थांबतो.

मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, जळणे आणि जाळणे, तापणे आणि तापविणे. जोडीतील पहिल्या शब्दाला करणारा माणूस लागत नाही. दुसऱ्यात तो कोठे ना कोठे उभा असतोच. हातून बरणी निसटली की मूल आईला 'बरणी फुटली' असे सांगते. 'मी फोडली' असे सांगायला त्याला पुष्कळ धैर्य गोळा करावे लागते. भाषांतरकाराला अशा जोडीतून एक शब्द निवडावा लागतो. निवड चुकली, तर दोषी मनुष्य कागदावर निर्दोष ठरतो.

पवित्र शास्त्रात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याच्या वासराची हकिकत दोनदा येते. चौथ्या वचनात ग्रंथकार सांगतो, की अहरोनाने लोकांचे सोने घेतले, हत्याराने त्याला आकार दिला आणि वासरू घडविले. पुढे चोविसाव्या वचनात मोशे जाब विचारतो, तेव्हा अहरोनाचे निवेदन निराळे होते. लोकांनी सोने दिले, आपण ते अग्नीत टाकले, आणि त्यातून हे वासरू निघाले, असे तो म्हणतो. हिब्रूतही तेथे 'बाहेर येणे' हेच साधे क्रियापद आहे. हत्यार गेले, हात गेले, उरला तो अग्नी आणि त्यातून चालत आलेले वासरू.

मनुष्यजात सुमारे अडीचशे वर्षे कोळसा, आणि पुढे खनिज तेल व वायू, अग्नीत टाकीत आली आहे. आता त्यातून ही उष्णता 'निघाली' असे म्हणायचे, की आपण ती 'निर्माण केली' असे म्हणायचे?

साक्षीदारांची साक्ष

परंतु घाई करून चालणार नाही. ज्याने जे केले नाही त्याचा आरोप त्याच्यावर ठेवणे ही खोटी साक्ष होय, मग तो आरोप आपण स्वतःवर का ठेवीत असू ना. दोन किंवा तीन साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असा अनुवादातील दंडक आहे. म्हणून आधी साक्ष पाहू.

संशय घेणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा, की हवामान सदैव बदलत आले आहे. हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कोठे कारखाने होते? मुद्दा खरा आहे. पृथ्वीच्या कक्षेत व आसाच्या कलात हजारो वर्षांच्या गतीने होणारे बदल त्या चढउतारांना चालना देत असत. पण पूर्वी वीज पडून वणवे लागत, म्हणून आज कोणी काडी लावूच शकत नाही, असे त्यातून निष्पन्न होत नाही. या वेळी काय झाले, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

त्याचे उत्तर शोधण्याचा आरंभ राजकारण्यांनी केला नाही. १८२४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी पृथ्वीची ऊब टिकविण्यात हवेचा वाटा असला पाहिजे असे मांडले. १८५६ मध्ये अमेरिकेतील युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून ती उन्हात ठेवली, आणि आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो त्या वायूचे नळकांडे अधिक तापते असे त्यांना दिसले. १८५९ मध्ये टिंडल यांनी हा वायू उष्णतेचे किरण शोषून घेतो हे प्रयोगशाळेत मोजून दाखविले. १८९६ मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वी किती तापेल याचे गणित हाताने मांडले. थंड देशातील या गृहस्थांना अशी ऊब सुखाचीच वाटत होती, हे येथे नमूद करावे; लोकांना घाबरविण्याचा त्यांचा काही हेतू नव्हता. १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी या वायूचे नियमित मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. यंत्रयुगापूर्वी तो सुमारे २८० होता, आणि आज ४२० च्या वर आहे.

वायू वाढला हे खरे. पण तो आपल्याच चुलींतून आला कशावरून? येथे पहिला साक्षीदार पुढे येतो. सजीवांच्या शरीरात कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार थोड्या प्रमाणात असतो. पुरातन वस्तूंचे वय ठरविण्यासाठी तो वापरतात. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांचे वयही या रीतीने तपासले गेले आहे. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो, म्हणून कोट्यवधी वर्षे जमिनीत पडून राहिलेल्या कोळशात तो उरलेलाच नसतो. अणुचाचण्यांनी हवा गढूळ होण्यापूर्वीच, १९५५ मध्ये, हवेतील कार्बनमध्ये या प्रकाराचा अंश पातळ होत चालल्याचे शास्त्रज्ञांना आढळले होते. जमिनीखालचा जुना कार्बन हवेत मिसळतो आहे, हाच त्याचा अर्थ. ज्वालामुखींना दोष द्यावा, तर ते वर्षाकाठी जेवढा वायू सोडतात तो मनुष्याच्या सुमारे ३७ अब्ज टनांच्या शंभराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही कमी भरतो.

दुसरा साक्षीदार आकाशात आहे. सूर्यच अधिक तापला असता, तर हवेचे खालचे आणि वरचे दोन्ही थर तापले असते. वायूंचे पांघरूण जाड होत असेल, तर खालचा थर तापून वरचा थंड झाला पाहिजे. मानाबे आणि वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हे भाकीत केले, आणि पुढे मोजमापांत तेच दिसून आले. तिसरा साक्षीदार स्वतः सूर्य. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह त्याच्या तेजाचे मापन करीत आहेत; या काळात पृथ्वी तापत गेली, परंतु सूर्याचे तेज वाढत गेलेले नाही. मानाबे यांना, आणि निसर्गाची करणी व मनुष्याची करणी यांचे ठसे वेगळे ओळखण्याची रीत बसविणाऱ्या हासेलमान यांना, २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

नव्या कराराच्या पाठाचा अभ्यास करणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. एका हस्तलिखितावर आम्ही भिस्त ठेवीत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणांची हस्तलिखिते एकच वाचन देऊ लागली, म्हणजे त्या वाचनावर आमचा विश्वास बसतो. येथेही तसेच झाले आहे.

शास्त्रज्ञांनी उतावीळपणा केला असेही म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने १९८८ मध्ये हवामानबदलाविषयीचे आंतरशासकीय मंडळ स्थापन झाले. त्याच्या १९९० च्या पहिल्या अहवालाने ही वाढ निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारातलीही असू शकेल असे मान्य केले होते. १९९५ च्या अहवालात मनुष्याचा प्रभाव ओळखता येण्याजोगा असल्याचे म्हटले गेले. बहुतांश वाढ मनुष्याच्या करणीची असण्याची शक्यता २००१ मध्ये शेकडा ६६ हून अधिक, २००७ मध्ये ९० हून अधिक आणि २०१३ मध्ये ९५ हून अधिक सांगितली गेली. २०२१ मध्ये मात्र, मनुष्याने पृथ्वी तापविली हे निःसंदिग्ध आहे, असा निर्वाळा मंडळाने दिला. एवढे एक क्रियापद बदलायला एकतीस वर्षे लागली. आमच्या भाषांतर समितीतही एका शब्दावर इतका काळ वाद झाल्याचे मला आठवत नाही. पहिल्या तीन अहवालांच्या वैज्ञानिक भागाची धुरा सर जॉन हॉटन यांनी वाहिली. वेल्समध्ये जन्मलेले, २०२० मध्ये निवर्तलेले हे गृहस्थ निष्ठावंत ख्रिस्ती होते आणि हे काम आपल्या श्रद्धेचा भाग मानीत असत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एका माणसाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक रिचर्ड मुलर यांना या निष्कर्षांविषयी शंका होत्या. त्यांनी निराळा गट जमवून जगभरच्या तापमानाच्या नोंदी पुन्हा तपासल्या. या कामाला मिळालेल्या पैशांतला काही भाग संशयवाद्यांना साहाय्य करणाऱ्या प्रतिष्ठानाकडून आला होता. २०१२ मध्ये मुलर यांनी जाहीरपणे लिहिले, की आपले मत बदलले असून वाढीचे जवळजवळ संपूर्ण कारण मनुष्यच आहे. ग्रीक नव्या करारात पश्चात्तापासाठी जो 'मेटानोइया' शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ मन बदलणे असाच आहे. तीन वर्षांपूर्वी व्यासपीठावरून आवेशाने बोललेल्या मला तो गृहस्थ लाजवून गेला. मात्र तेव्हाही मी गप्पच राहिलो.

अजून न सुटलेले प्रश्न आहेत. वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वी अडीच अंशांनी तापेल की चार अंशांनी, ढग त्यात कसा भाग घेतील, आपल्या मोसमी पावसाचे नेमके काय होईल, यांवर प्रामाणिक मतभेद आहेत. वाद आहे तो किती आणि कोठे याविषयी. कोणी याविषयीचा वाद आता उरलेला नाही. आपल्या देशापुरते बोलायचे, तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेला आणि केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, आणि त्याचे मुख्य कारण हेच वायू आहेत.

मग तो मजूर कोणी मारला? असा प्रश्न मी करीत नाही. एका मृत्यूचे गणित असे मांडता येत नाही. परंतु २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारत व पाकिस्तानात जी उष्णतेची लाट आली, तिची शक्यता मनुष्याच्या करणीमुळे सुमारे तीस पटींनी वाढली होती, असे शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अभ्यासून सांगितले. डोक्यावरचे ते ऊन केवळ सूर्याचे नव्हते.

वचन कोणी कोणाला दिले?

आता त्या वडिलांच्या, म्हणजेच माझ्या, मुद्द्याकडे येतो. उत्पत्ती ८:२२ मध्ये देव म्हणतो, की पृथ्वी आहे तोवर पेरणी व कापणी, थंडी व ऊन, ऋतू व दिवसरात्र यांचा क्रम खंडित होणार नाही. हेच वचन पुढे करून अमेरिकेतील सिनेटर जेम्स इनहोफ यांनी २०१२ मध्ये सांगितले होते, की हवामान देवाच्या हाती आहे आणि ते आपण बदलू शकतो असे मानणे हा उद्धटपणा होय. माझे प्रवचन त्यांच्याही आधीचे, म्हणून मी त्यांना नावे ठेवू शकत नाही.

परंतु या कथेचा हिब्रू पाठ सावकाश वाचावा. जलप्रलयाच्या कथेला 'शाहत' या धातूचा धागा आहे. बिघडविणे, नासणे, नाश करणे असा त्याचा अर्थ. सहाव्या अध्यायात प्रथम हा धातू मनुष्याच्या करणीसाठी येतो: पृथ्वी नासली होती, कारण सर्व प्राण्यांनी आपला मार्ग नासला होता. लगेच पुढे तोच धातू देवाच्या निर्णयासाठी येतो: मी त्यांचा नाश करीन. आपल्या भाषांतरांत एकीकडे 'भ्रष्ट' आणि दुसरीकडे 'नाश' असे दोन शब्द पडतात आणि धागा तुटतो. ही आम्हा भाषांतरकारांची मर्यादा आहे. मूळात मात्र चित्र स्पष्ट आहे. मनुष्याने जे आरंभिले, तेच देवाने पुरे केले.

आता नवव्या अध्यायात देव करार करतो, तेव्हा तोच धातू पुन्हा येतो. पृथ्वीचा नाश करण्यासाठी पुन्हा प्रलय होणार नाही. देवाने आपला हात मागे घेतला. परंतु या कथेत दोघे जण पृथ्वी नासत होते. त्यांपैकी एकाने वचन दिले आहे. दुसऱ्याने ते कधी दिलेले नाही. आपण देवाचे वचन हातात धरून स्वतःला मोकळे केले. सावकाराने कर्ज माफ केले, तेव्हा ऋणकोने पुन्हा उधळपट्टीला परवाना मिळाला असे समजावे, तसे हे झाले. किंबहुना त्याच नवव्या अध्यायात देव मनुष्याच्या रक्ताचा हिशेब मनुष्याकडून घेईन असे बजावतो. ऋतूंचे वचन आणि हिशेबाची ताकीद शेजारी शेजारी आहेत. मी फक्त पहिले वाचले.

मनुष्य लहान आहे, म्हणून त्याच्या हातून मोठे काही बिघडणार नाही, हे मत नम्रतेचे दिसते. पण शास्त्राचे नाही. होशेयाच्या चौथ्या अध्यायात लोकांच्या लबाडीमुळे व रक्तपातामुळे देश शोक करतो आणि रानातील पशू, आकाशातील पाखरे व समुद्रातील मासे नाहीसे होतात. प्रकटीकरणाच्या अकराव्या अध्यायात पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा नाश होईल असे म्हटले आहे. तेथेही दोन्ही ठिकाणी एकच ग्रीक क्रियापद आहे. आणि ज्यांना ८:२२ हा आकडा प्रिय आहे, त्यांनी रोमकरांस पत्रातील ८:२२ ही जोडीने वाचावे. तेथे पौल सांगतो, की सगळी सृष्टी कण्हते आहे आणि वेणा सोसते आहे. उत्पत्तीतील वचन देवाच्या विश्वासूपणाची साक्ष देते. पौलाचे वचन आपल्या कानांविषयी विचारते.

राखण

१९६७ मध्ये लिन व्हाइट या इतिहासकाराने एक गाजलेला निबंध लिहिला आणि निसर्गाच्या आजच्या दुर्दशेचे मूळ ख्रिस्ती शिकवणीत आहे असा आरोप केला. देवाने मनुष्याला पृथ्वीवर सत्ता दिली असे उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो, आणि त्या जोरावर पश्चिमेने सृष्टी लुटली, असे त्यांचे म्हणणे. आरोप एकांगी असला तरी तो झटकून टाकता येत नाही. पहिल्या अध्यायातील 'कबाश' आणि 'रादा' हे धातू खरोखरच कठोर आहेत; त्यांत वश करणे व सत्ता चालविणे आहे. पण शास्त्र तेथे थांबत नाही. दुसऱ्या अध्यायात देव मनुष्याला बागेत ठेवतो, तो 'अबाद' आणि 'शामर' यांसाठी. 'अबाद' म्हणजे सेवा करणे, राबणे. 'शामर' म्हणजे राखणे, जपणे. राजाला दिलेली सत्ता माळ्याच्या कामातून प्रकट व्हावयाची आहे.

आणि हाच 'शामर' दोन अध्यायांनी पुन्हा भेटतो. हाबेल कोठे आहे असे देवाने विचारले, तेव्हा काइनाने भावाची राखण करणे हे माझे काम आहे काय, असा उलट प्रश्न केला. तेथे राखणदारासाठी हाच धातू आहे. बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी हिब्रूला दोन धातूंची गरज वाटली नाही. जो बाग राखीत नाही, त्याला भावाचा ठावठिकाणा विचारला जातो, आणि भावाचे रक्त जमिनीतूनच ओरडत असते. वाचकहो, तापमानवाढीच्या प्रश्नात मला या एका शब्दापुढे जाता येत नाही.

कोणता मानव?

येथे एक न्याय्य आक्षेप येतो. 'मानवाने पृथ्वी तापविली' म्हणताना कोणता मानव अभिप्रेत आहे? हिब्रूत 'आदाम' हे एका माणसाचेही नाव आहे आणि सर्व मनुष्यजातीचेही. ही दुहेरी सोय पापाच्या सिद्धांताला मानवते. हिशेबाला मानवत नाही. १९९१ मध्येच आपल्या देशातील अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी हा प्रश्न जगापुढे ठेवला. गरिबाचा जगण्यासाठीचा धूर आणि श्रीमंताचा चैनीसाठीचा धूर एका तराजूत तोलू नका, असे त्यांचे सांगणे होते. आजही एका भारतीय माणसामागे वर्षाकाठी सुमारे दोन टन, तर एका अमेरिकन माणसामागे सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आजवर खनिज इंधनांतून हवेत गेलेल्या एकूण वायूचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आपला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरात. हे स्पष्ट बोलणे हा न्यायाचा भाग आहे, आणि संदेष्ट्यांच्या परंपरेतले आहे.

पण त्यात आपल्यासाठी एक पळवाट दडलेली असते. देवाने जाब विचारला तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखविले आणि हव्वेने सर्पाकडे. तिघांविषयीही ते अंशतः खरेच होते. म्हणून कोणी सुटले नाही. 'आपोआप तापली' हा पहिला बचाव पडला, की 'त्यांनी तापविली' हा दुसरा बचाव तयार असतो. आज एकूण उत्सर्जनात आपला देश जगात तिसरा आहे. मी हे ज्या दिव्याखाली लिहितो, त्याची वीज बहुतांशी कोळशाची आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे वीजकेंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक, आणि चंद्रपूरचा उन्हाळा देशातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी एक. ती वीज माझ्या खोलीतील वातानुकूलन यंत्र चालविते. त्या मजुराच्या घरी एक पंखा होता. दोन टनांची सरासरी आम्हा दोघांची मिळून आहे. त्याच्या वाट्याची गरिबी पुढे करून मी माझा हिशेब कमी दाखवू शकत नाही. अमेरिकेचा आणि माझा संबंध जसा आहे, तसाच माझा आणि त्याचा आहे.

यहेज्केलाच्या काळी लोक आंबट द्राक्षांची म्हण सांगत: खाल्ली बापांनी, दात आंबले मुलांचे. त्या म्हणीआड ते स्वतःचे दोष लपवीत, म्हणून संदेष्ट्याने ती मोडीत काढली. आज ती म्हण अक्षरशः खरी होत आहे. या वायूचा मोठा भाग शेकडो वर्षे हवेत राहतो. आपण आज जे जाळतो, ते ज्यांचा अजून जन्मही नाही त्यांच्या दुपारी तापवील. म्हण खोटी पाडणे आता आपल्याच हाती आहे.

२०२४ च्या नोव्हेंबरात मी पुन्हा त्या मंडळीत गेलो. ज्या व्यासपीठावरून ते प्रवचन दिले होते, तेथेच उभा राहून ते मागे घेतले. त्यात किती चूक होती ते वचनावार सांगितले. उपासनेनंतर ते वडील जवळ आले. त्यांचे पूर्ण समाधान झालेले नव्हते. "मान्य केलं, सर," ते म्हणाले, "पण मग आमच्या पोरांनी डांबराचं काम सोडायचं का?"

प्रश्न रास्त होता, आणि पश्चात्तापाची परीक्षा नेहमी अशाच प्रश्नाने होते. नाही, त्यांनी काम सोडायचे नाही. ज्यांच्याजवळ कमी करण्याजोगे काही आहे, त्यांनी आधी कमी करायचे. आणि तोवर ज्यांच्या डोक्यावर ऊन आहे त्यांच्यासाठी सावली धरायची. २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध एक आराखडा केला: आगाऊ इशारा, पिण्याचे पाणी, सावलीची ठिकाणे, दवाखान्यांची तयारी. त्यात काही दिव्यशक्ती नव्हती. त्या मंडळीतल्या लोकांनीही ठरविले, की उन्हाळ्यात चर्चचे दार दुपारी उघडे ठेवायचे, पाण्याचे रांजण भरायचे, आणि दुपारचे काम सकाळी व संध्याकाळी वाटून घ्यावे म्हणून कंत्राटदाराकडे मिळून जायचे. मी माझ्या घरच्या वीजदेयकाविषयी जे ठरविले, ते येथे सांगत नाही. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये. एवढ्याने पृथ्वी थंड होणार नाही. पण राखण येथूनच सुरू होते.

वाचकहो, आपल्या उपासनेतील पापांगीकाराची प्रार्थना पुढच्या रविवारी नीट ऐका. तिच्यात काही 'घडले' नाही, काही 'आले' नाही, काही 'झाले' नाही. कर्ता प्रत्येक ठिकाणी उभा आहे. तो 'आम्ही' आहे. त्या प्रार्थनेनंतर येणारी क्षमेची घोषणाही त्याच 'आम्ही'साठी आहे, आपोआप घडलेल्या गोष्टींसाठी नाही. जे फुटले त्याला क्षमा नसते. ज्याने फोडले त्याला असते. म्हणून पृथ्वी आम्ही तापविली, हे वाक्य मला आता भीतीचे वाटत नाही. देवासमोर उभे राहून आपल्याला जे खरे बोलता येते, त्यातले ते एक आहे.